सल्ला सदर: पोरगा सेमिनरीत जायचं म्हणतोय, तिथे इतकी वर्षं शिकवतात तरी काय?

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून देतोय:

"दादा, मी वसईची. आमचा एकुलता एक मुलगा, यंदा बारावी कॉमर्स झाला, ५६ टक्के. मे महिन्यात चर्चच्या व्होकेशन कॅम्पला गेला होता, आल्यावर दोन दिवस गप्प आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, मला फादर व्हायचंय. तेव्हापासून मिस्टर बोलत नाहीत, सकाळी वाडीत जातात ते अंधार पडल्यावर येतात. सासूबाई खुश, सगळ्या आळीत सांगून पण झालं त्यांचं. मोठे दीर म्हणतात दहा वर्षं? एवढ्यात पोरगा डॉक्टर झाला असता, मिस्सा म्हणायला आणि प्रार्थना पाठ करायला दहा वर्षं कशाला लागतात? मला त्यांना उत्तर देता आलं नाही कारण मलाच माहीत नाही तिथे काय शिकवतात. ५६ टक्केवाल्याला ते झेपेल का? मधेच सोडून आला तर हातात काय राहील त्याच्या? आणि बाकी राहू दे, सोबत काय काय द्यायचं तेवढं तरी सांगा. – एक आई"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी स्वतः सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, होतो, सात वर्षं, नव्वदच्या दशकात, आणि फादर न होता बाहेर पडलो, त्यामुळे तुमच्या घरात आत्ता जे चाललंय ते मी दोन्ही बाजूंनी बघितलंय, जातानाही आणि परत येतानाही. म्हणून हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी दीरांचा प्रश्न. दहा वर्षं हा आकडा कुठून येतो ते सांगतो. कॅथलिक चर्चचा कायदा असतो, त्यात लिहिलंय की तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून कमीत कमी सहा पूर्ण वर्षं शिकायचं, दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची. ईशज्ञान म्हणजे थिऑलॉजी. त्याच्या आधी तयारीचं एक वर्ष, कुठे जास्त, मधे एखादं वर्ष बाहेर कामाला पाठवतात, शिवाय पोराची कॉलेजची डिग्री व्हायची असेल तर ती वर्षं वेगळी. वयाची पण अट आहे, डिकन (फादरच्या आधीची पायरी) व्हायला २३ पूर्ण हवीत, फादर व्हायला २५. म्हणजे बारावीनंतर गेलेला मुलगा साधारण आठ ते दहा वर्षांनी दीक्षा घेतो. आणि दीरांना सांगा, डॉक्टरलाही एमबीबीएसची साडेपाच आणि पुढे एमडीची तीन लागतात, तिथे कुणी विचारत नाही गोळ्या लिहून द्यायला एवढी वर्षं कशाला.

पूर्वी असं नव्हतं बरं का. जुन्या काळी युरोपात गावचा पोरगा गावच्याच फादरच्या हाताखाली राहून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायला शिकायचा आणि त्यालाच दीक्षा मिळायची, कित्येकांना आपण म्हणतोय त्या लॅटिनचा अर्थही धड कळायचा नाही. त्यावरून इतकी बोंब झाली की शेवटी ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये ठरवलं, प्रत्येक बिशपने आपल्याकडे मुलांसाठी अशी शाळा काढायची. तिथून सेमिनरी आली. आपल्याकडे गोव्यात राशोलची सेमिनरी ज्या वास्तूत आहे ती चारशे वर्षांची आहे. पुण्यात नगर रोडला पेपल सेमिनरी आहे, ती पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू केली होती, १९५५ मध्ये पुण्याला आली. मुंबईची गोरेगावला आहे, सेंट पायस. दीर "प्रार्थना पाठ करायला" म्हणाले ना, तर प्रार्थना पाठ करणारे फादर नकोत म्हणूनच हा सगळा खटाटोप सुरू झाला.

आता शिकवतात काय.

पहिलं वर्ष जरा हलकं असतं. इंग्लिश सुधारणं, बायबलची ओळख, प्रार्थनेची सवय, आणि मुख्य म्हणजे घड्याळ. साडेपाचला घंटा, मग ध्यान, सकाळची प्रार्थना, मिस्सा, नाष्टा, झाडू-पोछा (हो, संडास पण स्वतःच धुवायचे, रोटेशनने), मग लेक्चर्स, दुपारी अर्धा तास झोप, बागेत काम, फुटबॉल, अभ्यास, रोझरी, जेवण, आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत बोलायचं नाही. घरी भांडं न उचलणारं पोर पहिल्या सुट्टीत येऊन स्वतःचं ताट धुतं तेव्हा आईला कळतं काहीतरी झालंय.

मग तत्त्वज्ञान, आणि इथे बरीच मुलं हबकतात, मी पण हबकलो होतो. मला वाटलं होतं देवाबद्दल शिकवतील, आणि दोन वर्षं देव म्हणून सरळ कुणी काही शिकवेचना. तर्कशास्त्र, ज्ञान म्हणजे काय, माणूस म्हणजे काय, नीतिशास्त्र, प्लेटो, ॲरिस्टॉटल, ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस, देकार्त, कांट, आणि त्यांच्या शेजारी उपनिषदं, सांख्य, वेदांत, बौद्ध, जैन. सोबत मानसशास्त्र, समाजशास्त्र. एक तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. आमच्या सरांनी फळ्याचे दोन भाग केले, डावीकडे ॲरिस्टॉटलचं लिहिलं, सगळी माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य. उजवीकडे आपल्या न्यायशास्त्राचं लिहिलं, डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून डोंगरावर आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, पाच पायऱ्या. आणि म्हणाले सांगा, उजवीकडच्याला स्वयंपाकघर कशाला लागलं? अख्खा तास त्यावर गेला. मी वाडीतला पोरगा, पलीकडे धूर दिसला म्हणजे कुणीतरी पाला पेटवलाय हे आम्हाला लहानपणापासून माहीत, पण ते आपल्याला *कसं* माहीत, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. मला वाटतं माझं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

आणि देव नाही असं म्हणणारेही नीट वाचायला लावतात, फॉयरबाख, मार्क्स, नीत्शे. आमच्याकडे वादविवाद व्हायचा, त्यात चिठ्ठी निघाली की देव नाही ही बाजू मांडायला उभं राहायचं, आणि मनापासून मांडायची, लुटुपुटूची मांडली तर मार्क कापायचे. अक्वायनसची पद्धतच ती, प्रत्येक प्रश्नात आधी समोरच्याचं म्हणणं जितकं ताकदीने मांडता येईल तितकं मांडायचं आणि मग स्वतःचं बोलायचं. मला त्या वर्षी खूप शंका आल्या. रात्री चॅपलमधे बसून वाटायचं सगळं संपलं. तुमच्या पोराचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असा फोन आला की "आई, मला काहीच खरं वाटत नाहीये", तर घाबरू नका, त्या वयात त्या अभ्यासाने असं होतंच आणि व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. चाळिशीत पॅरिशमधे, म्हणजे एखाद्या चर्चच्या वस्तीत, एकट्याने राहताना पहिली शंका येण्यापेक्षा विशीत शंभर मित्रांमधे आलेली बरी.

भारतीय तत्त्वज्ञान तिथे शोभेला ठेवलेलं नसतं. आपल्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे, १९९८ ला धर्मप्रांत झाला तेव्हाचे, त्यांची पीएचडी तुकाराम महाराजांवर आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात येऊन मराठी शिकले आणि १६१६ मध्ये छापून आलेल्या हजारो ओव्या लिहून गेले. त्यामुळे मराठी मिडियमच्या पोराने तिथे जाऊन आपली भाषा लपवायची काही गरज नाही, हे त्याला माझ्याकडून नक्की सांगा, कारण मी पहिली दोन वर्षं लपवत होतो.

मग मधलं वर्ष, त्याला रीजन्सी म्हणतात. एखाद्या पॅरिशमधे, बोर्डिंगमधे, मिशनमधे राहून काम करायचं, म्हणजे पुस्तकातला माणूस आणि खरा माणूस यात फरक किती ते कळतं. मी आदिवासी मुलांच्या होस्टेलवर होतो, पालघरच्या आतल्या भागात. चाळीस मुलं, त्यातली अर्धी पहिल्या आठवड्यात रडायची, त्यांना वारली बोलणारं कुणीतरी हवं असायचं आणि मी मात्र कांटवर नव्वद मार्क मिळवून आलो होतो. एका पोराला रात्री ताप चढला, त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चाललो, तो कानाशी सारखं एकच काहीतरी म्हणत होता आणि मला ते कळत नव्हतं. नंतर होस्टेलच्या मावशींनी सांगितलं, तो आईला हाक मारत नव्हता, पाणी मागत होता. दुसऱ्या दिवसापासून मी मावशींकडे वारली शिकायला बसलो, रोज संध्याकाळी, भाकऱ्या होईपर्यंत.

त्यानंतर चार वर्षं ईशज्ञान, हा खरा मोठा डोंगर. कॅथलिक बायबलमधे ७३ पुस्तकं आहेत, जुन्या करारात ४६ आणि नव्यात २७, ती एकेक करून सोडवायची, कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी, हे काव्य आहे की इतिहास की कायदा. थोडी हिब्रू, थोडी ग्रीक, थोडी लॅटिन. थोडी म्हणजे पंडित व्हायला नाही, पण शब्दाच्या आत डोकावता येईल इतकी. एक उदाहरण देतो. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू पेत्राला तीनदा विचारतो ना, तू माझ्यावर प्रेम करतोस का? ग्रीकमधे पहिल्या दोन वेळा तो एक शब्द वापरतो, अगापे-वाला, आणि पेत्र तिन्ही वेळा उत्तरात दुसराच शब्द वापरतो, मैत्रीतल्या प्रेमाचा, फिलिया-वाला, आणि तिसऱ्या वेळी येशूच पेत्राच्या शब्दावर येतो. यात खरंच अर्थाचा फरक आहे की नुसती लिहिण्याची लकब, यावर अभ्यासक आजही भांडतात. पण मी तो उतारा लहानपणापासून चर्चमधे ऐकत आलो होतो आणि त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा दिसलं की तिसऱ्यांदा कदाचित देवच माणसाच्या पायरीवर उतरलाय. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

बाकी विषय पटापट सांगतो. ख्रिस्त कोण, त्रैक्य, चर्च म्हणजे काय, सात संस्कार, मरिया, मरणानंतरचं, आद्य धर्मपित्यांचं लिखाण, उपासना. चर्चचा इतिहास, आणि तो चांगला तेवढाच नाही, क्रुसेड्स, गॅलिलिओ, गोव्यातलं इन्क्विझिशन, १५६० ते १८१२, सगळं वर्गात काढतात, आणि काढायलाच पाहिजे. नीतीचा विषय मोठा असतो, गर्भपात, टेस्ट ट्यूब बेबी, व्हेंटिलेटर काढायचा का नाही, पगार, भ्रष्टाचार. चर्चची सामाजिक शिकवण, म्हणजे १८९१ ला पोप लिओ तेराव्यांनी कामगारांच्या हक्कांवर पत्रक काढलं तिथपासून पुढे पर्यावरणापर्यंत. आपल्या फादर दिब्रिटोंना वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेलं तुम्ही-आम्ही बघितलंय, लोकांना वाटायचं फादरचं हे काम आहे का, पण हे अभ्यासक्रमातच आहे हो. आणि चर्चचा कायदा, त्यातही लग्नाचा भाग जास्त, कारण पॅरिश ऑफिसमधे रोज तेच येतं. आपल्याकडे किती पोरं-पोरी हिंदू घरात लग्न करतात, त्याची परवानगी कशी, काय विचारायचं, काय विचारायचं नाही, घरच्यांशी कसं बोलायचं. नियम माहीत नसलेला फादर तिथे दोन घरांचं आयुष्यभराचं नुकसान करू शकतो.

चौथ्या वर्षाच्या आसपास प्रॅक्टिकल सुरू होतात. मिस्साची प्रॅक्टिस, कपात साधं पाणी, समोर रिकाम्या बाकांवर आपलेच मित्र, मागे एक सर वही घेऊन. प्रवचनाची प्रॅक्टिस, त्याचा व्हिडिओ काढून परत सगळ्यांसमोर लावतात. पोप फ्रान्सिस २०२४ मध्ये म्हणाले होते प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, लोक झोपतात. हे आमच्या सरांनी तीस वर्षं आधी सांगितलं होतं, फक्त त्यांनी सात सांगितली होती.

आणि कन्फेशनची, म्हणजे लोकांची पापांची कबुली ऐकण्याची प्रॅक्टिस, हे मात्र नीट सांगतो, कारण तुमच्या दिरांना ते ऐकायला हवं. कन्फेशन ऐकायची परवानगी दीक्षेबरोबर आपोआप मिळत नाही, तो माणूस त्या लायकीचा आहे याची परीक्षा किंवा खात्री झाल्याशिवाय देत नाहीत. त्याच्या आधी वर्गात सराव होतो. मी ईशज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मी खुर्चीवर बसलो, आणि आमचे सर, साठीचे, कडक माणूस, जाळीच्या पलीकडे गुडघ्यावर बसले आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, फादर, मी बायकोला मारतो. दारू पिऊन नाही, शुद्धीत मारतो. मी माझा पाठ केलेला सल्ला सुरू केला, देव क्षमाशील आहे वगैरे. सरांनी मला थांबवलं, उठले, चष्मा पुसला आणि विचारलं, "ती बाई आत्ता कुठे आहे हे तू विचारलंस का?" सगळा वर्ग गार. मी विचारलं नव्हतं. मग त्यांनी ते सगळं परत करून घेतलं, चार वेळा. क्षमा कुठे द्यायची, कुठे थांबवायची, त्या माणसाला मदत घ्यायला कसं तयार करायचं, आणि हे सगळं करताना ऐकलेल्यातलं एक अक्षर आयुष्यात कधी कुणाला सांगायचं नाही, जीव गेला तरी. मी फादर झालो नाही, पण आज शिक्षक आहे, कॉलेजमधे एखादी मुलगी येऊन काही सांगायला लागली की मला अजून सरांचा तो प्रश्न आधी आठवतो.

हे झालं पुस्तकांचं. पण चर्च स्वतःच सांगतं की अभ्यास हा चारातला एक भाग. पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी १९९२ ला हे चार नीट मांडले, माणूस म्हणून घडणं, आध्यात्मिक, बौद्धिक आणि लोकांमधलं काम. माणूस म्हणून घडणं पहिलं ठेवलंय ते मुद्दाम. राग कसा आवरतो, पैशाचं कसं, बायकांशी बोलताना नजर कशी, एकटेपणा सोसतो का, हे सगळं बघतात. ब्रह्मचर्यावर आता मोकळेपणाने बोलतात, सायकॉलॉजिस्ट असतात. आमच्या वेळी हा विषय दोन लेक्चर्समधे उरकला होता, आणि त्याची किंमत काही चांगल्या मुलांनी पुढे मोजली, हे मला आजही खुपतं. लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल तर आमच्या सिलॅबसमधे काहीच नव्हतं. जगभर चर्चमधे मुलांवर अत्याचार झाले, लपवले गेले, हे तुम्हीही पेपरात वाचलंय, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. रोमने २०१६ ला सेमिनऱ्यांसाठी नवे नियम काढले, त्यात हा विषय शिकवायलाच हवा असं घातलंय. तुम्ही प्रवेशाच्या वेळी रेक्टरना, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखांना, सरळ विचारा, हे कोण शिकवतं, किती तास. आईने विचारलेलं कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू दे.

एक गोष्ट अजून, पालकांना सहसा माहीत नसते. प्रत्येक मुलाला एक आध्यात्मिक मार्गदर्शक फादर असतात, त्यांच्याकडे मन मोकळं करायचं. आणि मुलाला पुढे ढकलायचं की घरी पाठवायचं हे ठरवताना त्या फादरचं मत विचारायचंच नाही असा कायदा आहे, कन्फेशन ऐकणाऱ्याचंही नाही. म्हणजे पोराला बिनधास्त बोलायला एक जागा आहे. मी तिथे जितका रडलो तितका घरी कधी रडलो नाही.

५६ टक्क्यांचं म्हणाल तर फ्रान्समधे जॉन व्हिएनी म्हणून एक शेतकऱ्याचा पोरगा होता, लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना, सेमिनरीतून घरी पाठवलं त्याला. गावच्या फादरनी चिकाटीने शिकवून शिकवून कसाबसा पार केला, १८१५ ला दीक्षा झाली. पुढे आर्स नावाच्या खेड्यात त्याच्यापुढे कन्फेशनसाठी लोकांच्या रांगा लागायच्या, आणि आज पॅरिशच्या फादर लोकांचा आश्रयदाता संत तोच आहे. तुमचा पोरगा व्हिएनी होईल असं म्हणत नाहीये मी. पण टक्क्यांवर ते अडणार नाही, अडलं तर इंग्लिशवर अडेल, कारण सगळी पुस्तकं इंग्लिश. आत्तापासून रोज एक पान मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही समोर बसा.

आता "मधेच सोडून आला तर". ताई, यासाठीच मी हे पत्र निवडलं.

डिकनची दीक्षा होईपर्यंत धर्मप्रांताचा कुठलाही मुलगा कायमचा बांधलेला नसतो. कधीही उठून रेक्टरना सांगू शकतो, मी निघतो. ही वर्षं दोन्ही बाजूंनी बघायचीच असतात, तो चर्चला बघतो, चर्च त्याला बघतं. माझ्या बॅचला आम्ही एकोणीस जण होतो, फादर झाले सात. बाकीचे बारा वाया गेले का? एक वकील आहे, एक बँकेत, दोघं शिक्षक, एक नर्सिंग होममधे काउन्सेलर. मी सातव्या वर्षी निघालो तेव्हा रेक्टरनी मिठी मारली आणि म्हणाले, "तू प्रामाणिकपणे ठरवलंस, सेमिनरीने तिचं काम केलं." आणि घरी आलो तर बाबा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. आळीत लोक म्हणायचे पळून आला. माझ्या नावाने पार्टी ठरवून ठेवली होती लोकांनी, दीक्षेची. आई रात्री माझ्या खोलीत येऊन नुसती पायाशी बसायची, काही बोलायची नाही. बाबा पाचव्या महिन्यात एकदा म्हणाले चल वाडीत, केळी उतरवायची आहेत, तेवढंच. तेव्हा मी सुटलो.

म्हणून सासूबाईंना प्रेमाने थांबवा. "आमचा फादर" आत्तापासून नको, त्याला तिथे ब्रदर म्हणतील, घरी त्याच्या नावाने हाक मारा. आळीला जितकं कमी माहीत तितकं पोराला मोकळं राहता येईल. आणि मिस्टरांना हे वाचून दाखवा: चर्चच्याच कायद्यात लिहिलंय की कुणालाही दीक्षा घ्यायला भाग पाडणं पूर्णपणे मना आहे, आणि जो योग्य आहे त्याला अडवणंही तितकंच मना आहे. एकाच वाक्यात दोन्ही. सासूबाईंना पहिलं अर्धं, मिस्टरांना दुसरं. तुमच्या मिस्टरांचा राग मला कळतो, एकुलता एक, वाडीचं पुढे काय, म्हातारपणी कोण. ते खोटं नाहीये आणि त्यांना ते पोरासमोर बोलू द्या, पोराने ते ऐकून घेऊनच जायला हवं. पण फादर व्हायच्या दोन वेगळ्या वाटा असतात हेही त्यांना सांगा, जेझुइट वगैरे संघात गेला तर गरिबीचं व्रत असतं आणि देशात कुठेही पाठवतात, शिक्षणही जास्त लांब, सुरुवातीलाच दोन वर्षं नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीची तयारी. धर्मप्रांताचा फादर झाला तर ब्रह्मचर्य आणि बिशपांची आज्ञा पाळायचं वचन असतं, गरिबीचं व्रत नसतं, आणि काम आपल्याच भागात, आजारपणात पोहोचू शकतो. पोराला यातलं काय हवंय ते अजून तुम्ही विचारलेलंच नाहीये असं पत्रावरून वाटतं. आधी ते विचारा.

आणि एका गोष्टीवर अडून बसा, युनिव्हर्सिटीची डिग्री. सेमिनरीतली तत्त्वज्ञान-ईशज्ञानाची डिग्री बऱ्याच ठिकाणी रोमच्या मान्यतेची असते, तिला मोठा मान आहे, पण उद्या बाहेर पडून नोकरीचा फॉर्म भरताना ती चालेलच असं नाही. बीकॉम आधी करून जा किंवा तिथे राहून बाहेरून कर, पण कर. मी बाहेरून बीए केलं होतं म्हणून आज उभा आहे. फीचं, घरून किती द्यायचं, धर्मप्रांत किती बघतं, हेही व्होकेशनच्या फादरना स्पष्ट विचारा, लाजू नका.

राहिलं सोबत काय द्यायचं. दोन चादरी, मच्छरदाणी, साधे शर्ट, फुटबॉलचे बूट, चांगली टॉर्च, त्याच्या आजोबांची रोझरी असेल तर ती. नवीन महागाचं काही नको. आणि खाण्याचं, तुमच्याकडची सुकेळी द्या, पण त्याच्या एकट्यापुरती देऊ नका. तिथे घरून डबा आला की तो टेबलाच्या मधोमध उघडतात आणि पाच मिनिटांत संपतो, केरळचं पोरगं, झारखंडचं पोरगं, सगळे हात घालतात. तीस-चाळीस जणांना एकेक पुरेल इतकी बांधा. आणि ती बांधायला मिस्टरांना बसवा, केळीची पानं त्यांनाच चांगली निवडता येतील.